सिंहा थेरीची सात वर्षे : परिपूर्णतेचा आग्रह आणि आपले गाथावाचन

गेल्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात थेरीगाथेचे वाचन चालू होते. सिंहा थेरीच्या गाथा आल्या तेव्हा प्रवचनकर्त्या उपासकांनी त्यांचा अर्थ नेहमीच्या रीतीने सांगितला. सिंहेने सात वर्षे अथक परिश्रम केले, ध्येय हाती येईना तेव्हा ती प्राणार्पणास सिद्ध झाली आणि त्या अंतिम निर्धारानेच तिचे चित्त विमुक्त झाले. तरुणांनीही अभ्यासात असाच निर्धार बाळगावा, असा त्यांच्या विवेचनाचा समारोप होता. वर्ग संपल्यावर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास असलेला एक विद्यार्थी आमच्यापाशी थांबला. त्याने विचारले, "सर, त्या क्षणी ज्यांचं चित्त मुक्त झालं नाही, त्यांच्या गाथा कुठे आहेत?" आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. पुढे बोलता बोलता कळले की, त्याचे दोन विषय राहिले होते आणि ही गोष्ट त्याने घरी सांगितलेली नव्हती.

प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. सिंहा थेरीच्या गाथेचे जे वाचन आपल्या विहारांतून रूढ आहे ते मूळ पाठाला धरून नाही आणि आजच्या परिस्थितीत ते निरुपद्रवीही नाही, असे आमचे मत आहे. ते मांडताना परिपूर्णतेच्या आग्रहाविषयी गेल्या तीन-साडेतीन दशकांत मानसशास्त्राने केलेल्या संशोधनाचा आम्ही आधार घेणार आहोत. मात्र त्या संशोधनाचीही चिकित्सा केल्याशिवाय ते आपल्या उपयोगी पडणार नाही.

प्रथम पाठाकडे वळू. सिंहेच्या गाथा अवघ्या पाच आहेत. अट्ठकथा तिला वैशालीच्या सिंह सेनापतीची भाची म्हणते. गाथांचा आरंभ पराक्रमाच्या वर्णनाने होत नाही, तर 'अयोनिसो मनसिकार' या शब्दांनी होतो. म्हणजे चुकीच्या दिशेने वळलेले, मुळाशी न जाणारे चिंतन. आपले चित्त आपल्या ताब्यात नव्हते, त्यास समता लाभत नव्हती, असे ती सांगते. पुढे ती स्वतःच्या देहाचे वर्णन करते : कृश, निस्तेज, विवर्ण. दिवसा सुख नाही, रात्री सुख नाही. अशी सात वर्षे. हे साधनेच्या तेजाचे वर्णन आहे, असे कोणता वैद्य म्हणेल? दीर्घकाळ चाललेल्या आणि कोणी न ओळखलेल्या मनोव्यथेचे हे जवळजवळ पूर्ण लक्षणचित्र आहे. आपले प्रवचनकार त्याला 'अथक परिश्रम' म्हणतात. सिंहा स्वतः तसे म्हणत नाही.

यानंतर निर्णायक विचार येतो. पुन्हा हीन जीवनाकडे परत जाण्यापेक्षा येथेच मरण पत्करणे बरे, असे तिला वाटते. येथे 'हीन' या शब्दापाशी वाचकाने थांबावे अशी आमची विनंती आहे. हीन म्हणजे गृहस्थाचे जीवन. सिंहेपुढे दोनच मार्ग उरले आहेत : पूर्ण विमुक्ती किंवा मृत्यू. तिसरा मार्ग तिने स्वतःच हीन ठरवून बंद केला आहे. त्याच क्षणी तिचे चित्त मुक्त होते आणि गाथा संपते. ते कशामुळे मुक्त झाले, याचे कारण गाथा सांगत नाही. अट्ठकथाकारांना ही उणीव जाणवलेली दिसते. परंतु मूळ पाठ मौन आहे. मरणाच्या निर्धारामुळे विमुक्ती मिळाली हे कारण आपण त्यात घातले आहे. दोन घटना एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिली दुसरीचे कारण होत नाही, हे प्रतीत्यसमुत्पाद शिकणाऱ्यांना तरी वेगळे सांगावे लागू नये.

थेरगाथेतील सप्पदास थेरांच्या गाथा याच्या शेजारी ठेवल्या म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. प्रव्रज्येला पंचवीस वर्षे झाली, तरी चुटकी वाजविण्याइतका वेळही चित्ताला शांती नाही; ते आक्रोश करीत विहारातून बाहेर पडतात. सिंहेचाच विचार त्यांच्या मनात येतो, पण त्याचे शब्द वेगळे आहेत. शिक्षेचा, म्हणजे भिक्खूच्या शिक्षापदांचा, त्याग करून जगणे 'माझ्यासारख्याला' कसे शोभेल, असे ते स्वतःला विचारतात. पालीतला 'मादिसो' हा शब्द लहान आहे. पण साऱ्या दुःखाची गाठ त्यात आहे. स्वतःविषयीची एक प्रतिमा आहे आणि त्या प्रतिमेपेक्षा कमी पडलेल्या माणसाला तेथे जगण्याचा अधिकार नाही. सप्पदासांच्या बाबतीत मात्र गाथा कारण नोंदविते : त्या क्षणी 'योनिसो मनसिकार' उत्पन्न झाला. मन मुळाशी गेले. म्हणजे ज्या चुकीच्या चिंतनाने सिंहेच्या गाथेचा आरंभ होतो, त्याचे नेमके उलट येथे घडले. त्यांना वाचविले ते चिंतनाची दिशा बदलण्याने. मरणाची सिद्धता ही तर जुन्याच दिशेचे शेवटचे टोक होते.

आता मानसशास्त्राकडे येऊ. इंग्रजीत ज्यास 'परफेक्शनिझम' म्हणतात त्यास मराठीत 'परिपूर्णतावाद' हा शब्द रूढ होऊ पाहत आहे. आम्हांस तो विशेष पसंत नाही. हा वाद नाही, आग्रह आहे. आपल्या भाषेत 'बिनचूक', 'चोख', 'कसोशी' हे सगळे शब्द स्तुतीचेच आहेत, त्यामुळे या प्रवृत्तीच्या दुष्परिणामाला नाव देणे अवघड जाते, एवढी नोंद करून पुढे जातो.

१९९१ साली कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या दोघा मानसशास्त्रज्ञांनी या आग्रहाचे तीन प्रकार सांगितले. माणूस स्वतःकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करतो तो पहिला. इतरांकडून करतो तो दुसरा. आणि इतर लोक माझ्याकडून निर्दोषत्वाची अपेक्षा करतात, ते मिळाले नाही तर मला स्वीकारणार नाहीत, असे त्यास वाटते तो तिसरा. १९९५ साली सिडनी ब्लॅट यांनी परिपूर्णतेच्या आग्रहाच्या विनाशकतेवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्यांनी कर्तबगार म्हणून नावाजलेल्या तीन पुरुषांच्या आत्मघाताचा विचार केला होता. तोपर्यंत आत्मघाताची चर्चा प्रामुख्याने नैराश्य व निराशा यांच्या अंगाने होत असे. यशस्वी माणसाच्या यशाच्या मुळाशीही धोका असू शकतो, याकडे या निबंधाने लक्ष वेधले. २०१८ साली मार्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ४५ अभ्यासांतील ११,७४७ व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. परिपूर्णतेच्या आग्रहाच्या जवळजवळ सर्व अंगांचा आत्मघाताच्या विचारांशी संबंध आढळला. हा संबंध प्रचंड नव्हे, लहान ते मध्यम प्रमाणाचा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु काळाच्या ओघात हे विचार वाढत जातील काय, याची पूर्वसूचना विशेषतः तिसऱ्या प्रकाराने, म्हणजे इतरांच्या अपेक्षेच्या ओझ्याने, दिली. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी २०१९ साली अमेरिका, कॅनडा व ब्रिटन येथील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातील उत्तरे तपासली. तिन्ही प्रकार वाढले होते. सर्वांत अधिक वाढ याच तिसऱ्या प्रकारात होती.

ह्युइट आणि फ्लेट यांच्या पुढील कार्यातील एक निरीक्षण आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. असा माणूस आपली चूक लपवितो, आपली व्यथाही लपवितो, कारण मदत मागणे हेच त्याच्या दृष्टीने अपूर्णतेची कबुली असते. यामुळे तो माणसांपासून तुटत जातो. बाहेरून सारे ठीक दिसते. घरचे म्हणतात, कालपर्यंत तर हसत होता. सिंहेच्या गाथांत दुसरे एकही मनुष्य नाही, हे आमच्या लक्षात हा भाग वाचताना आले. सात वर्षांत ती कोणाशी बोलल्याचा उल्लेख नाही, तिची कृशता कोणी पाहिल्याचा उल्लेख नाही.

येथवर हे संशोधन आपल्या कामाचे आहे. परंतु त्याची मर्यादाही तेथेच सुरू होते. तिसऱ्या प्रकाराचे मापन करणारी प्रश्नावली माणसाला 'काय वाटते' ते विचारते. त्याला तसे वाटते ते खरे आहे काय, हे ती विचारीत नाही. तिच्या रचनेत तो प्रश्नच नाही. मध्यमवर्गीय घरातील एखाद्या मुलीला वाटते की, नव्वदच्या खाली गुण आले तर आईवडिलांचे प्रेम आटेल. कदाचित तसे नसेलही, आणि मग समुपदेशकाने तिची धारणा दुरुस्त करणे योग्यच आहे. पण राखीव जागेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला वाटते की, माझी एक चूक झाली तर ती माझी एकट्याची राहणार नाही, माझ्या समाजाच्या 'गुणवत्तेचा' पुरावा म्हणून मोजली जाईल. ही त्याची भ्रामक धारणा आहे काय? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिलेला अहवाल वाचणाऱ्याला असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी वर्गात, वसतिगृहात, भोजनगृहात होणाऱ्या वर्तनाची त्यात नोंद आहे. जेथे अपेक्षा खरोखरच लादलेली असते, तेथे तिला केवळ व्यक्तीच्या स्वभावाचे लक्षण मानणे म्हणजे ज्याच्या पाठीवर ओझे आहे त्याच्या पाठीचाच दोष काढणे होय. करन आणि हिल यांनी स्पर्धा आणि गुणवत्तेच्या कल्पनांकडे बोट दाखविले आहे खरे, पण 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या देशात जातीच्या तोंडून कसा उच्चारला जातो, हे त्यांच्या तीन देशांच्या अभ्यासात येण्याचे कारण नव्हते. ते काम आपले आहे.

याच कारणाने आम्ही एक इशाराही देऊ इच्छितो. उच्च शिक्षणसंस्थांत जातीय छळातून जे मृत्यू घडले, त्यांना कोणी 'परिपूर्णतेच्या आग्रहाचे बळी' म्हणू लागला तर आपण त्यास ठाम विरोध केला पाहिजे. अन्यायाला मनोविकाराचे नाव देऊन अन्याय करणारा सुटता कामा नये.

परंतु दोष सगळा बाहेर आहे असे म्हणून आपली सुटका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्मघात केला. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, १,७६४ होती. यांतील कितींच्या मुळाशी आपण चर्चिलेली प्रवृत्ती होती, हे त्या तक्त्यावरून समजत नाही. पण आपल्या घरांत काय चालते ते समजण्यासाठी तक्त्याची गरज नाही. पहिल्या पिढीचा शिकलेला मुलगा केवळ स्वतःसाठी शिकत नसतो. आजोबांची मजुरी, वडिलांची अपुरी राहिलेली शाळा, वस्तीचा अभिमान, सारे त्याच्या पुस्तकावर बसलेले असते. भिंतीवर बाबासाहेबांचे छायाचित्र असते आणि त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते, "त्यांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, तुला काय कमी आहे?" हे प्रेमाने म्हटले जाते. तरीही त्या क्षणी बाबासाहेब त्या मुलाचे प्रेरणास्थान राहत नाहीत, त्याच्यावर चालविलेल्या खटल्याचे न्यायाधीश होतात.

ज्या बाबासाहेबांचे नाव आपण असे वापरतो त्यांच्या चरित्राचेही आपले वाचन सिंहेच्या गाथेसारखेच झाले आहे. शेवट दिसतो, मधली वर्षे गळतात. १९०७ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते, असे चरित्रकार धनंजय कीर नोंदवितात. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग घेऊन येणारे जहाज युद्धात बुडाले. तीन वर्षांनी, १९२० साली, ते पुन्हा गेले. डी.एस्सी.साठी सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांनी १९२३ साली जसाच्या तसा स्वीकारला नाही. त्यांनी तो पुन्हा लिहून पाठविला आणि मग पदवी मिळाली. परत येणे, अडणे, दुरुस्त करणे, पुन्हा जाणे, हे त्या विद्वत्तेचे अंगभूत भाग होते. हे प्रसंग आपण जयंतीच्या भाषणांत सांगितले तरी ते अन्यायाची कथा म्हणून सांगतो; अपयशाशी वागण्याची रीत म्हणून सांगत नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पारमितांचे विवेचन करताना बाबासाहेबांनी त्यांना पूर्णत्वाच्या अवस्था म्हटले आहे. पण त्या अशा का म्हणायच्या, याचे त्यांनी दिलेले कारण लक्षणीय आहे : माणसाने हे सद्गुण आपल्या सामर्थ्याच्या परमसीमेपर्यंत आचरावयाचे असतात, म्हणून. पूर्णत्वाचे माप बाहेरच्या रेषेने ठरत नाही, ज्याच्या त्याच्या सामर्थ्याने ठरते. त्या दहा पारमितांत वीर्य आहे, तशी उपेक्षाही आहे, क्षांतीही आहे. आपल्या घरांत वीर्यपारमितेचा पाठ रोज होतो. क्षांतीचा अर्थ दुसऱ्याला क्षमा करणे एवढाच सांगितला जातो. स्वतःच्या उणिवेविषयीही क्षांती असू शकते, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते.

तथागतांनी अशा प्रसंगी काय केले, हे पाहण्यास त्रिपिटकात पुरेसा आधार आहे. सोण कोळिविसांची वीणेची उपमा सर्वांना पाठ आहे, म्हणून तिच्यावर अधिक लिहीत नाही. एवढेच सुचवितो की, तथागतांनी तेथे ध्येय खाली आणलेले नाही. तारेचा ताण बदलला आहे. आणि उपमा निवडताना सोणांना ज्यात आधीच गती होती ती गोष्ट, त्यांचे वीणावादन, निवडले आहे. आपल्याला काहीतरी येते, हे त्या खचलेल्या माणसाला प्रथम आठवून दिले.

चुळपंथकांची कथा आमच्या विषयाला अधिक जवळची आहे. थोरल्या भावाने, महापंथकांनी, मंदबुद्धी म्हणून त्यांना विहारातून घालवून दिले. अट्ठकथेप्रमाणे चार महिन्यांत त्यांना एक गाथा पाठ झाली नव्हती. इतरांनी लादलेल्या अपेक्षेचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते? थोरला भाऊ दुष्ट नव्हता, अर्हत होता. त्याच्या मापाने धाकट्यास मोजत होता, इतकेच. थेरगाथेत चुळपंथक स्वतः सांगतात की, आपण विषण्ण होऊन दाराशी उभे होतो, तेव्हा भगवान तेथे आले, डोक्यावरून हात फिरविला, दंड धरून आत नेले आणि पाय पुसण्याचे एक वस्त्र हाती दिले. गाथेऐवजी वस्त्र. परीक्षाच बदलली. सिंहेच्या गाथांत जे नाही ते येथे आहे : कोणीतरी दाराशी आले.

वैशालीचा प्रसंग याहून गंभीर आहे. अशुभभावनेचा उपदेश ऐकून अनेक भिक्खूंना स्वतःच्या देहाची घृणा उत्पन्न झाली आणि त्यांनी जीवन संपविले, असे संयुत्तनिकायात व विनयपिटकात नमूद आहे. अर्धमासाच्या एकांतवासातून परतल्यावर संघ विरळ का दिसतो, असे तथागतांनी आनंदांना विचारले. कारण कळल्यावर त्यांनी मृत भिक्खूंच्या दुर्बलतेवर प्रवचन दिले नाही. उरलेल्या संघाला आनापानसतीची, श्वासाच्या स्मृतीची, पद्धत शिकविली. साधना माणसाला मारू लागली तर साधना बदलावयाची असते. याच प्रसंगातून आलेल्या तिसऱ्या पाराजिकेत जीव घेण्याबरोबरच मरणाची स्तुती करणे आणि मरणास प्रवृत्त करणे हेही अंतर्भूत आहे. जो भिक्खू तसे करील तो भिक्खू राहत नाही. गोधिक, वक्कली, छन्न यांच्या सुत्तांचा हवाला देऊन कोणी आत्मघाताला धम्माची अनुमती शोधू लागेल तर त्याने ही पाराजिका आधी वाचावी. त्या सुत्तांतील वचने त्या त्या विवक्षित भिक्खूंविषयी आहेत, अनुज्ञा नव्हेत.

मग आमच्या प्रवचनकर्त्या उपासकांचे वाक्य पुन्हा आठवते. प्राण द्यायला सिद्ध व्हा, असे वीस वर्षांच्या मुलांसमोर सहज म्हटले जाते. हेतू शुद्ध असतो. पण ज्याच्या मनात तो विचार आधीच घर करून आहे, त्याच्या कानी ते कसे पडते?

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. थेरीगाथा आणि थेरगाथा ही पैलतीरास पोचलेल्यांची वचने आहेत. ७३ थेरी आणि २६४ थेर तेथे बोलतात. जे मध्येच हरपले ते बोलत नाहीत. प्रश्नावली भरून देणारेही जिवंतच असतात. तेव्हा कोणत्याही एका गाथेतून यशाचा नियम काढणे हीच पद्धतीची चूक आहे. गाथांना एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचले पाहिजे.

असे वाचले तर सिंहेच्या आधीच, त्याच ग्रंथात, सामा भेटते. कोसंबीच्या सामावतीची ही सखी, मैत्रिणीच्या मृत्यूनंतर प्रव्रजित झालेली. चित्ताला शांती नाही म्हणून ती चार-पाच वेळा विहारातून बाहेर पडली. म्हणजे तितक्याच वेळा परतलीही असली पाहिजे. कोणी तिला दार लावले नाही. उत्तमाही तशीच चार-पाच वेळा बाहेर पडलेली. जो तिसरा मार्ग सिंहेने बंद केला होता तो या दोघींनी वापरला : बाहेर जाणे, आणि त्याला शेवट न मानणे. घरी परत जाणे हीन आहे, हे आमच्या तरुण मित्राच्या मनातील वाक्य या दोन गाथांपुढे टिकत नाही. शिवाय गृहस्थजीवनाला हीन म्हणण्याचे कारण तर आपल्याला मुळीच नाही; १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती लक्षावधी संसारी माणसांना.

येत्या वर्षावासात आमच्या वर्गात सिंहेच्या गाथा एकट्या वाचल्या जाणार नाहीत. सामा, उत्तमा व सप्पदास यांच्यासह एकाच बैठकीत वाचल्या जातील. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर वंदनेच्या वेळापत्रकाखाली लिहिला आहे. त्या विद्यार्थ्याने वडिलांना दोन विषयांविषयी सांगितले. वडील आधी रागावले, मग दुसऱ्या दिवशी वसतिगृहावर जेवणाचा डबा घेऊन आले, असे त्यानेच कळविले. उत्तमेच्या गाथा त्याने स्वतः वाचून काढल्या आणि तिचा उपाय काय, असे विचारले. गाथेत तो स्पष्ट आहे : जिच्यावर तिचा विश्वास होता अशा एका भिक्खुणीकडे ती गेली, तिने समजावून सांगितलेले ऐकले, सात दिवस बसली आणि आठव्या दिवशी पाय पसरले. त्या भिक्खुणीचे नाव गाथेत नाही. अट्ठकथा ते देते. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावून जी एके काळी भान हरपून श्रावस्तीच्या रस्त्यांवरून फिरली होती, ती पटाचारा.